पीसी चालू केल्यापासून सर्व्हरवरची फाइल उघडेपर्यंत: सर्व्हर आणि नेटवर्कचे शब्द कसे समजून घ्यावेत

प्रश्न थोडक्यात असा: बीसीएस झालेला एक तरुण एमआयडीसीतल्या कारखान्यात सिस्टीम विभागात नुकताच लागला आहे. सत्तर-ऐंशी पीसी, एक विंडोज सर्व्हर, एक लिनक्स मशीन. आयपी, सबनेट, गेटवे, डीएनएस, डीएचसीपी, पोर्ट, डोमेन, ऍक्टिव्ह डिरेक्टरी या सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत. पण कुणी 'सर्व्हर बंद आहे' म्हणालं की सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. हे शब्द नीट शिकायचे कसे?

व्याख्या पाठ असूनही गोंधळ होतो याचा दोष तुमच्याकडे नाही, शब्द शिकवण्याच्या पद्धतीकडे आहे. पुस्तकात प्रत्येक शब्दाला वेगळा परिच्छेद मिळतो. ऑफिसात मात्र हे शब्द एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने कामाला येतात आणि आधीचं काम झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. म्हणून मी तुम्हाला एकच प्रवास सविस्तर सांगतो: सकाळी अकाउंट्समधल्या मॅडमनी पीसी चालू केला, पासवर्ड टाकला आणि सर्व्हरवरची एक एक्सेल फाइल उघडली. एवढ्यात तुम्ही विचारलेले जवळजवळ सगळे शब्द येऊन जातात. हा क्रम डोक्यात पक्का बसला की बिघाड शोधताना फक्त एवढंच पाहायचं असतं, की प्रवास कुठपर्यंत पोचला आणि कुठे अडला.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते

ऑफिसात 'सर्व्हर' हा शब्द तीन गोष्टींसाठी वापरला जातो. रॅकमधलं मशीन, त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम, आणि त्या सिस्टीमवर सतत चालणारा, इतर पीसींच्या मागण्या ऐकून त्यांना उत्तर देणारा प्रोग्राम. 'सर्व्हर बंद आहे' असा फोन आला की पहिला प्रश्न मनाशी हाच विचारा: या तिघांतलं नेमकं काय बंद आहे? बहुतेक वेळा मशीन चालू असतं, विंडोजही चालू असतं, आतली एखादी सर्व्हिस तेवढी थांबलेली असते. अशा वेळी घाईने अख्खं मशीन रीस्टार्ट केलं तर बाकीच्या सगळ्यांचं कामही थांबतं आणि मूळ कारणाचा मागही पुसला जातो.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी, प्रोसेसरचा वेळ, डिस्क, नेटवर्क कार्ड यांचं वाटप तो करतो. चालू असलेला कुठलाही प्रोग्राम म्हणजे प्रोसेस. आणि मशीन सुरू होताच, कुणी लॉगिन केलेलं नसतानाही, पाठीमागे आपोआप चालू होणारी प्रोसेस म्हणजे सर्व्हिस. लिनक्सवर तिलाच डेमन म्हणतात. सर्व्हरचं सगळं काम या सर्व्हिसच करतात, म्हणून विंडोजवर सर्व्हिसेसची खिडकी आणि लिनक्सवर 'सिस्टीमसीटीएल स्टेटस' ही आज्ञा तुमच्या हाताखालची हवी.

मग साधं विंडोज ११ आणि विंडोज सर्व्हर यांत फरक काय? दोघांचा कर्नल एकाच घराण्यातला आहे, १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीचा. फरक आहे तो मर्यादांचा, रोल्सचा (सर्व्हरला नेमून देता येणाऱ्या कामांचा), लायसन्सचा आणि सपोर्टच्या मुदतीचा. लहान ऑफिसांत विंडोज ११ प्रो टाकलेल्या चांगल्या पीसीलाच 'सर्व्हर' म्हणायची पद्धत आहे. पंधरा माणसं असेपर्यंत ते छान चालतं. पण त्या विंडोजवर एका वेळी २० उपकरणांनाच शेअर (इतरांना वापरायला उघडे केलेले फोल्डर) वापरता येतात. माणसं वाढली की एकविसाव्याला फोल्डर उघडत नाही, आणि लोक केबल बदलत बसतात.

सपोर्टची मुदत हा कंटाळवाणा वाटणारा पण फार महत्त्वाचा मुद्दा. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा एक्स्टेंडेड (वाढीव मुदतीचा) सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. सर्व्हर २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो. लिनक्समध्ये सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला संपला. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात आणि त्यांना पाच वर्षं मोफत सुरक्षा अपडेट मिळतात. तुमच्याकडच्या दोन्ही मशीनवर कुठली आवृत्ती आहे ते आजच पाहून लिहून ठेवा. मुदत संपलेल्या सिस्टीमवर पॅच (त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट) येत नाहीत आणि ही गोष्ट मालकांना सांगणं तुमच्या कामाचा भाग आहे.

पत्ता मिळतो कसा

आता प्रवास सुरू. पीसी चालू झाला. नेटवर्क कार्डावर कारखान्यातच छापलेला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो, तो मॅक ऍड्रेस. त्याचे पहिले २४ बिट कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे. केबल स्विचला (सगळे पीसी जोडणाऱ्या पेटीला) जाते आणि कुठल्या पोर्टावर, म्हणजे केबलच्या कुठल्या सॉकेटवर, कुठला मॅक आहे याची नोंद स्विच आपल्या टेबलात ठेवतो. इथे तपासायचं ते एवढंच: लिंकचा दिवा लागतोय का. केबलकडे शेवटी बघण्याची सवय अनेकांना असते, सुरुवात तिथूनच करावी.

मॅक फक्त त्या एका नेटवर्कपुरता चालतो. पुढे जायला आयपी ऍड्रेस लागतो. तो देणारी सर्व्हिस म्हणजे डीएचसीपी. पीसीला अजून स्वतःचा पत्ता नाही, सर्व्हरचाही पत्ता माहीत नाही, म्हणून तो सगळ्या नेटवर्कवर हाक मारतो: डिस्कव्हर. डीएचसीपी सर्व्हर एक पत्ता देऊ करतो: ऑफर. पीसी म्हणतो, हाच मला द्या: रिक्वेस्ट. सर्व्हर मान्य करतो: ऍकनॉलेज. ही चार पाकिटं (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) यूडीपीच्या ६७ आणि ६८ या पोर्टांवरून जातात; यूडीपी आणि हे पोर्ट म्हणजे काय ते पुढे येतं. पत्ता कायमचा मिळत नाही, लीजवर मिळतो. घराच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखाच हा प्रकार, फक्त इथे भाडेकरू मुदत संपायची वाट पाहत नाही. निम्मी मुदत झाली की पीसी स्वतःहून नूतनीकरण मागतो. विंडोजच्या डीएचसीपीवर मुदत मुळात आठ दिवसांची असते. म्हणून डीएचसीपी सर्व्हिस सोमवारी बंद पडली तरी सोमवारी सगळे पीसी बंद पडत नाहीत. आधी नवे लॅपटॉप आणि पाहुण्यांचे फोन अडतात, मग पुढच्या काही दिवसांत एकेक जुना पीसी. 'काहींचं चालतंय, काहींचं नाही' अशी तक्रार आली की हे आठवा.

पत्ता मिळाला का ते पाहायला 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल'. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीने उत्तर दिलेलं नाही आणि विंडोजने तात्पुरता पत्ता स्वतःच घेतला आहे. मग इंटरनेट, प्रिंटर, सर्व्हर यांपैकी काहीही तपासू नका. अडचण त्याच्या आधीच आहे. दुसरी नेहमीची गोष्ट: तुमच्या ऑफिसात पत्ते १९२.१६८.१० ने सुरू होतात आणि एका पीसीवर अचानक १९२.१६८.० चा पत्ता दिसतो. याचा अर्थ कुणीतरी घरचा वायफाय राऊटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडला आहे आणि तोही डीएचसीपी वाटतो आहे. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता पीसी घेतो. तो राऊटर शोधून काढा. स्विच चांगला असेल तर त्यात डीएचसीपी स्नूपिंग सुरू करा, म्हणजे परक्या सर्व्हरची उत्तरं स्विचच अडवेल.

सर्व्हर, प्रिंटर, स्विच यांना मात्र कायमचे पत्ते द्यावेत आणि डीएचसीपी ज्या कक्षेतून पत्ते वाटतो तिच्या बाहेरचे द्यावेत. नाहीतर एखाद्या सकाळी सर्व्हरचाच पत्ता एखाद्या लॅपटॉपला मिळतो.

डीएचसीपी पत्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी देतो: सबनेट मास्क, डीफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हरचा (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता. पत्ता बरोबर असूनही काम अडतं ते या तिघांपैकी एक चुकल्यामुळे.

आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात आणि जगाला ते पुरत नाहीत. म्हणून आतल्या वापरासाठी तीन गट राखून ठेवले आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. हे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत. बाहेर जाताना राऊटर किंवा फायरवॉल (नको असलेली ये-जा अडवणारं उपकरण) त्यांच्या जागी कंपनीचा सार्वजनिक पत्ता घालतो, त्याला नॅट म्हणतात.

सबनेट मास्कवर विद्यार्थी फार गणितं करतात आणि त्याचं काम काय ते विसरतात. मास्कने पीसी एकच निर्णय घेतो: समोरचा माझ्याच नेटवर्कमधला आहे की बाहेरचा? तुमचा पत्ता १९२.१६८.१०.५७, मास्क २५५.२५५.२५५.०. म्हणजे पहिले तीन आकडे जुळले की समोरचा आतला. त्या नेटवर्कमध्ये २५६ पत्ते, त्यातले पहिला आणि शेवटचा सोडून २५४ वापरता येतात. यालाच स्लॅश २४ म्हणतात, कारण पहिले २४ बिट नेटवर्कचे. सर्व्हर १९२.१६८.१०.५ आतलाच आहे, तेव्हा पीसी एआरपीने विचारतो, 'हा पत्ता कुणाचा? मॅक सांगा', आणि थेट पाकीट पाठवतो. समोरचा बाहेरचा असेल तर पाकीट गेटवेकडे, म्हणजे राऊटरकडे.

आता समजा कुणी हाताने पत्ता टाकताना मास्क २५५.२५५.०.० लिहिला. पीसीला १९२.१६८.२० मधला स्टोअरचा प्रिंटरही आपल्याच नेटवर्कमधला वाटतो. तो एआरपीने हाक मारत राहतो, उत्तर येत नाही. गंमत अशी की इंटरनेट व्यवस्थित चालतं, कारण ते पत्ते गेटवेकडेच जातात. 'नेट चालू आहे, पण स्टोअरचा प्रिंटर मिळत नाही' हे वाक्य ऐकलं की मास्क पाहा. स्टोअरसाठी वेगळं नेटवर्क बहुधा व्हीलॅनने केलेलं असतं. एकाच स्विचवर आतल्या आत वेगवेगळी नेटवर्क करण्याची ती सोय, आणि दोन व्हीलॅनमध्ये ये-जा करायला राऊटिंग करणारं उपकरण लागतंच.

डीएनएस: इथे वेळ द्या

माझ्या मते या सगळ्या शब्दांत सर्वात जास्त वेळ डीएनएसला द्यावा. ऑफिसातल्या निम्म्या तरी गूढ तक्रारी इथे येऊन थांबतात. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. त्याआधी सगळ्या मशीनांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत आणि ती फाइल जो तो उतरवून घेई. त्या पद्धतीचा अवशेष म्हणून 'होस्ट्स' नावाची फाइल आजही विंडोजवर आणि लिनक्सवर आहे, आणि त्यात कुणीतरी जुन्या काळी लिहिलेली एक ओळ आजही दिवस वाया घालवू शकते.

डीएनएस फक्त नावाचा आयपी देतो असं समजू नका. त्यात वेगवेगळ्या जातीच्या नोंदी असतात. ए रेकॉर्ड नावावरून आयपीव्ही४ पत्ता देतो. सीनेम म्हणजे एका नावाला दुसरं नाव. एमएक्स सांगतो की या डोमेनची मेल कुठे द्यायची. पीटीआर उलटा, पत्त्यावरून नाव. आणि एसआरव्ही सांगतो की अमुक सेवा कुठल्या मशीनवर, कुठल्या पोर्टावर आहे. हा शेवटचा रेकॉर्ड अनेकांना माहीतच नसतो, आणि विंडोज डोमेनचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

डोमेन म्हणजे काय ते इथेच सांगतो. वर्कग्रुपमध्ये प्रत्येक पीसीची युजरयादी त्याच्याजवळच असते. ऐंशी पीसी म्हणजे ऐंशी याद्या. डोमेनमध्ये एकच मध्यवर्ती यादी असते. ती यादी म्हणजे ऍक्टिव्ह डिरेक्टरी, विंडोज २००० सर्व्हरबरोबर आलेली. ती ज्या सर्व्हरवर असते तो डोमेन कंट्रोलर. मॅडमनी पासवर्ड टाकला की त्यांच्या पीसीला डोमेन कंट्रोलर शोधावा लागतो, आणि तो शोधतो डीएनएसला एसआरव्ही रेकॉर्ड विचारून.

म्हणून एक नियम ठामपणे पाळा: डोमेनमधल्या प्रत्येक पीसीच्या डीएनएसच्या दोन्ही रकान्यांत आतले डीएनएस सर्व्हरच हवेत. 'पहिल्यात आपला, दुसऱ्यात गूगलचा ८.८.८.८, म्हणजे आपला बंद पडला तरी नेट चालेल' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. दुसरा रकाना हा पहिल्याला उत्तर माहीत नसेल तेव्हा विचारण्यासाठी नसतो. पहिल्याने वेळेत उत्तर दिलं नाही की विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि मग काही काळ त्यालाच विचारत राहतं. ८.८.८.८ ला तुमच्या कारखान्यातल्या सर्व्हरचं नाव माहीत असण्याचं काही कारण नाही. तो सांगतो, 'असं नाव नाही', आणि पीसी ते खरं मानतो. परिणाम: लॉगिनला दहा मिनिटं, मॅप केलेली ड्राइव्ह गायब, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप ठीक. बाहेरच्या डीएनएसचा पत्ता द्यायचाच तर तो डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डर या सेटिंगमध्ये द्या. आतली नावं सर्व्हर स्वतः सांगेल, बाहेरची तो विचारून देईल. आणि एकाच डोमेन कंट्रोलरवर अख्खा कारखाना चालू असेल, तर दुसरा उभा करण्याची मागणी आजच लावून धरा.

नाव तपासायला 'एनएसलुकअप' आणि 'पिंग' दोन्ही वापरा, पण त्यांतला फरक ओळखा. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतो. पिंग विंडोजच्या नेहमीच्या मार्गाने जातो, म्हणजे आधी कॅश (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) आणि होस्ट्स फाइल पाहतो. दोघांनी वेगवेगळे पत्ते सांगितले तर दोष सर्व्हरमध्ये नाही, त्या पीसीवरच्या कॅशमध्ये किंवा होस्ट्स फाइलमध्ये आहे. कॅश किती वेळ टिकवायची ते प्रत्येक रेकॉर्डच्या टीटीएलने ठरतं. सर्व्हरचा पत्ता बदलणार असाल तर टीटीएल आदल्या दिवशीच कमी करून ठेवा.

पोर्ट, आणि 'नाही' म्हणण्याचे दोन प्रकार

पत्ता मशीनपर्यंत नेतो. त्या मशीनवर डीएनएस, फाइल शेअरिंग, वेब अशा अनेक सर्व्हिस एकाच वेळी ऐकत असतात. पाकीट त्यांतल्या कुणासाठी आहे ते पोर्ट नंबर सांगतो. पोर्ट ० ते ६५५३५ पर्यंत. काही तोंडपाठच हवेत: एसएसएच (लिनक्सवर दुरून लॉगिन) २२, डीएनएस ५३, कर्बेरॉस (ओळख पटवणं, पुढे येतं) ८८, एलडॅप (डिरेक्टरीला विचारणं) ३८९, वेबसाठी ८० आणि ४४३, फाइल शेअरिंग ४४५, रिमोट डेस्कटॉप ३३८९. पाकिटं नेण्याच्या दोन पद्धती आहेत: टीसीपी आधी तीन पाकिटांनी संबंध जुळवतो आणि प्रत्येक तुकड्याची पोच घेतो. यूडीपी पाठवतो आणि पुढे जातो.

पिंगवर फार विसंबू नका. पिंग आयसीएमपी वापरतो, त्यात पोर्ट नसतोच. पिंगला उत्तर आलं म्हणजे मशीन जिवंत आहे, एवढंच. फाइल सर्व्हिस चालू आहे असं त्यातून ठरत नाही. उत्तर आलं नाही म्हणजे मशीन बंद, असंही नाही. फायरवॉलने आयसीएमपी अडवला असू शकतो. खरी चाचणी पोर्टाची. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत) 'टेस्ट-नेटकनेक्शन' ला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट द्या. लिनक्सवर कुठली सर्व्हिस कुठल्या पोर्टावर ऐकते आहे ते 'एसएस' ही आज्ञा दाखवते.

चूक संदेशात 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' असे दोन प्रकार येतात. बरेच जण दोन्ही 'चालत नाही' या एकाच खात्यात टाकतात. पहिल्यात समोरून स्पष्ट नकार आला आहे. म्हणजे पाकीट मशीनपर्यंत पोचलं, पत्ता, गेटवे, मार्ग सगळं ठीक, फक्त त्या पोर्टावर ऐकणारं बहुधा कुणी नाही. सर्व्हिस पाहा. दुसऱ्यात काहीच उत्तर नाही. पाकीट वाटेत फायरवॉलने गिळलं, किंवा मार्ग चुकला, किंवा मशीनच बंद आहे. एवढा फरक ओळखता आला तर तपासाचं अर्धं क्षेत्र लगेच बाजूला सारता येतं.

ओळख पटते कशी

पीसीला डोमेन कंट्रोलर सापडला. आता कर्बेरॉसचं काम, अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मलेली ही पद्धत. पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही. तो बरोबर असल्याची खात्री पटली की डोमेन कंट्रोलर एक तिकीट देतो, आणि पुढे प्रत्येक सेवेसाठी ते दाखवून वेगळं तिकीट मिळतं. तिकिटावर वेळ असते, म्हणून घड्याळं जुळलेली हवीत. मुळातली सवलत पाच मिनिटांची. जुन्या पीसीची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन अडतं. अशा वेळी पासवर्ड रीसेट करण्याआधी घड्याळ पाहा.

डोमेनमधले पीसी वेळ डोमेन कंट्रोलरकडून घेतात आणि सगळ्यांच्या वर पीडीसी एम्युलेटर ही भूमिका असलेला कंट्रोलर असतो. त्याला बाहेरचा एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर द्यावा लागतो. इथे आपल्या देशाचा नियमही आहे: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवायच्या. लॉगची वेळच चुकीची असेल तर ते लॉग असून नसल्यासारखे.

एक फसवी गोष्ट लक्षात असू द्या. विंडोज मुळात शेवटच्या दहा लॉगिनची माहिती पीसीवर जपून ठेवतं. म्हणून डोमेन कंट्रोलर बंद असला, केबल निघालेली असली, तरी नेहमीच्या माणसाचं लॉगिन होतं. 'लॉगिन झालं, म्हणजे सर्व्हर चालू आहे' हा निष्कर्ष काढू नका.

फाइल उघडते की नाही

ओळख पटली, आता फोल्डर. विंडोजमध्ये फाइल शेअरिंग एसएमबी प्रोटोकॉलने, पोर्ट ४४५ वर. इथे परवानग्यांचे दोन थर असतात: शेअर परमिशन आणि एनटीएफएस (डिस्कवरच्या फाइलव्यवस्थेची) परमिशन. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि दोघांतलं जे जास्त कडक, ते चालतं. सर्व्हरसमोर बसून उघडलं तर फक्त एनटीएफएस. 'मी सर्व्हरवर उघडून पाहिलं, चालतंय' याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. माझी शिफारस: शेअरच्या थरावर डोमेन युजरना मोकळीक द्या आणि खरं नियंत्रण एनटीएफएसवर, तेही ग्रुपला. व्यक्तीच्या नावाने परवानगी देऊच नका. माणूस विभाग बदलतो, नोकरी सोडतो, आणि मग कुठल्या फोल्डरवर कुणाचं नाव आहे ते शोधताना जीव जातो.

आणि हे नेहमी घडतं: तुम्ही मॅडमना 'अकाउंट्स' ग्रुपमध्ये घातलंत, तरी फोल्डर उघडत नाही. कारण ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी बनते. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. फोल्डर सर्व्हरच्या आयपीने उघडतो पण नावाने नाही, असं असेल तर बहुधा डीएनएस किंवा कर्बेरॉस पाहायचं, कारण आयपीने गेलं की विंडोज सहसा कर्बेरॉस सोडून जुन्या एनटीएलएम पद्धतीवर जातं.

जुन्या स्कॅनरसाठी कुणी 'एसएमबी१ (एसएमबीची जुनी आवृत्ती) चालू करा' म्हणेल. करू नका. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला तो एसएमबी१ मधल्याच त्रुटीतून, आणि तिचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. स्कॅनरला ईमेलने पाठवण्याचा पर्याय द्या किंवा फर्मवेअर बदला. तसंच रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, बाहेरून येणाऱ्यांसाठी व्हीपीएन (इंटरनेटवरचा सुरक्षित खासगी मार्ग) करा.

राहिलेलं, थोडक्यात

एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवायला हायपरव्हायजर लागतो: हायपर-व्ही, व्हीएमवेअर, केव्हीएम. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं पूर्ण लायसन्स असलं की त्या मशीनवर दोन व्हर्च्युअल मशीनमध्ये तो चालवता येतो, डेटासेंटर आवृत्तीत कितीही. लायसन्स कोअरवर मोजतात, प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोअर. शिवाय वापरणाऱ्या प्रत्येक माणसाला किंवा उपकरणाला कॅल (वापराचं लायसन्स) लागतं. रिमोट डेस्कटॉपवर देखभालीसाठी एका वेळी दोन सेशन मिळतात. टॅलीवर दहा जणांना रिमोटने बसवायचं असेल तर त्यासाठी वेगळी कॅल घ्यावी लागतात.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत: रेड १ मध्ये दोन डिस्कवर तोच डेटा, रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालू, रेड ६ मध्ये दोन. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड तत्परतेने सगळ्या डिस्कवरून पुसतो. बॅकअपची एक प्रत सर्व्हरपासून तोडलेली हवी आणि महिन्यातून एकदा त्यातून फाइल परत काढून पाहायला हवी.

लिनक्स मशीनसाठी वरचं जवळजवळ सगळं तसंच लागू आहे. 'आयपी ए' ने पत्ता, 'आयपी आर' ने गेटवे, 'डिग' ने डीएनएस, 'जर्नलसीटीएल' ने लॉग. तिथला फाइल सर्व्हर सांबा असेल, तर तोही एसएमबीच बोलतो.

आता सराव. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मोफत मिळते. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक सर्व्हर आणि एक विंडोज क्लायंट आरामात चालतात. दोघांचं नेटवर्क 'इंटर्नल' ठेवा. तुमचा सरावाचा डीएचसीपी ऑफिसच्या नेटवर्कवर पत्ते वाटू लागता कामा नये. डोमेन बनवा, क्लायंट जोडा, एक शेअर करा. मग एका वेळी एकच गोष्ट बिघडवा: डीएचसीपी सर्व्हिस थांबवा, मास्क बदला, क्लायंटचा डीएनएस ८.८.८.८ करा, सर्व्हरवर ४४५ अडवा, युजरला ग्रुपमधून काढा. प्रत्येक वेळी पडद्यावर नेमका कुठला संदेश येतो तो शब्दशः वहीत लिहा आणि शेजारी कारण लिहा. सोबत वायरशार्क (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवलात तर डीएचसीपीची ती चार पाकिटं आणि डीएनएसचा एसआरव्हीचा प्रश्न डोळ्यांनी दिसेल. कारखान्याच्या नेटवर्कवर वायरशार्क लावायचा असेल तर मात्र आधी साहेबांची लेखी परवानगी घ्या, कारण त्यात इतरांची माहितीही दिसते.